तिला लागू पडली, मला का नाही?



शाळेत पालकसभा संपली की काही माता मागे रेंगाळतात. मुलाच्या गुणांवरून सुरू झालेले बोलणे हळूहळू घरातल्या आजारपणावर येते. गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. “टीचर, माझ्या जावेला मनाच्या आजाराची गोळी सुरू केली आणि महिन्याभरात ती हसू-बोलू लागली. तीच गोळी मला दिली, दोन महिने होत आले, काहीच फरक नाही. माझ्यातच काही खोट आहे का?”

या प्रश्नाला घरातून मिळणारी उत्तरे ठरलेली असतात. कुणी म्हणते, हिचे इमान कमजोर झाले आहे. कुणी म्हणते, हिला बरेच व्हायचे नाही. कुणी म्हणते, डॉक्टर नुसते पैसे काढतो. आणि एखादी प्रेमळ खाला आपल्या डब्यातली गोळी काढून देते, “ही घे, मला हिनेच आराम पडला.” ही चारही उत्तरे चुकीची आहेत, आणि चौथे तर धोक्याचे आहे.

खरे उत्तर आपल्या शरीराच्या घडणीत आहे. ताणतणावाच्या वेळी शरीरात जी संप्रेरके, म्हणजे हार्मोन, तयार होतात, त्यांची यंत्रणा प्रत्येकात थोडी वेगळी असते. हा फरक काही अंशी आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे असतो. गोळी कुणाला लवकर लागू पडते, कुणाला उशिरा, कुणाला मुळीच नाही, यात त्या फरकाचाही वाटा आहे. तो समजून घेऊ या.

आजार किती, उपचार किती

बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. आपल्या तलासरीच्या सीमेला लागून असलेले गुजरातही त्यात होते. प्रौढांपैकी साधारण वीसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशनने गाठलेले आढळले. ज्यांना हा आजार होता त्यांच्यापैकी पाचांत चारांहून अधिक लोक उपचारांविना होते.

म्हणजे डॉक्टरपर्यंत पोहोचणारे आधीच थोडे. त्यांच्यातही पहिली गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सुमारे ४,००० रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला. पहिल्या औषधाने साधारण तीनांत एकाचीच लक्षणे पूर्ण गेली. बाकीच्यांना औषध बदलून किंवा जोडीला दुसरे औषध देऊन पुढच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. पहिल्या गोळीने गुण आला नाही, ही अपवादाची गोष्ट नाही, नेहमीची आहे. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण पहिल्याच पायरीवरून घरी परततात आणि पुन्हा डॉक्टरकडे जात नाहीत.

मुंबईची एक जुनी गोष्ट

एकच औषध माणसागणिक वेगळे वागते, याचा एक मोठा धडा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. सर्पगंधा ही वनस्पती हकीम आणि वैद्य पिढ्यान् पिढ्या वापरत आले. तिच्यावर आधुनिक पद्धतीने संशोधन व्हावे असे दिल्लीच्या हकीम अजमल खान यांना वाटत होते. त्यांच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञाने सर्पगंधेतून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला ‘अजमलीन’ म्हटले.

पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापले. जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या झाडाकडे गेले. काही वर्षांतच त्यातले रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढून गोळ्यांच्या रूपात सगळीकडे वापरले जाऊ लागले.

मग एक विचित्र गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली. रक्तदाबासाठी ही गोळी घेणाऱ्या काही रुग्णांचे मन खचू लागले. झोप उडाली, रडू येऊ लागले, जगण्यातला रस गेला. पण सगळ्यांचे असे होत नव्हते. तीच गोळी घेणाऱ्या बहुतेकांच्या मनाला काहीच झाले नाही. रेसरपिनने मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायने कमी होतात हे कळल्यावर डिप्रेशनच्या औषधांमागचा विचार पुढे सरकला. मात्र एक प्रश्न उरलाच. गोळी एक, मात्रा एक, मग मन काहींचेच का खचले?

मलेरियाच्या गोळीचा धडा

या प्रश्नाच्या उत्तराची दिशा दुसऱ्या एका आजाराने दाखवली, आणि तो आपल्या पट्ट्याला चांगला परिचयाचा आहे. मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन नावाची गोळी चौदा दिवस देतात. बहुतेकांना ती सोसते. पण काहींची लघवी गडद होते, डोळे पिवळे पडतात, रक्त झपाट्याने कमी होते. १९५६ मध्ये त्याचे कारण सापडले. या लोकांच्या लाल रक्तपेशींत एक विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मापासूनच कमी असते. त्याला जी-सिक्स-पी-डीची कमतरता म्हणतात. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ती जास्त आढळते. म्हणूनच या गोळीआधी रक्त तपासून घेणे चांगले.

अशा माणसाला आपण म्हणतो का, की तुझी नियत चांगली नाही म्हणून गोळी बाधली? नाही. आपण म्हणतो, त्याच्या रक्ताची घडण तशी आहे, त्याला दुसरे औषध द्या. रक्ताच्या आजाराला आपण जो न्याय देतो, तोच मनाच्या आजाराला द्यायला हवा. मेंदूही याच शरीराचा भाग आहे.

ताणाची घंटा आणि ती थांबवणारा हात

आता संप्रेरकांकडे येऊ. घरात मोठे संकट आले, नोकरी गेली, कुणाचा इंतकाल झाला, की मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा भाग सीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो. ते जवळच्याच पियुषिका ग्रंथीला जागे करते. पियुषिका रक्तातून निरोप पाठवते. तो मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना मिळतो आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल रक्तात साखर वाढवते, शरीराला सावध करते, संकटाशी झुंजायला बळ देते. ही मोठी नेमत आहे. कॉर्टिसॉल नसेल तर माणूस जगू शकणार नाही.

पण शाळेची घंटा वाजली की ती थांबायलाही हवी. ते काम कॉर्टिसॉल स्वतःच करते. ते परत मेंदूत जाऊन पेशींमधल्या एका कुलपात किल्लीसारखे बसते आणि सांगते, “पुरे झाले, आता बंद करा.” या कुलपाला शास्त्रज्ञ ग्राही म्हणतात. कुलूप नीट चालले तर घंटा वेळेवर थांबते. ते कडक झाले तर कॉर्टिसॉल भरपूर असूनही निरोप पोहोचत नाही आणि घंटा वाजतच राहते. डिप्रेशनच्या बऱ्याच रुग्णांत, विशेषतः ज्यांचा आजार जोराचा असतो त्यांच्यात, असे घडताना दिसले आहे. औषध लागू पडून माणूस बरा होऊ लागला की ही यंत्रणाही बहुधा ताळ्यावर येते.

आमच्या चिंचणीत आणि आसपासच्या गावांत दागिन्यांच्या डाय बनवणारे कारागीर आहेत. त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. डायच्या खाचेत केसभर फरक पडला तरी पत्र्यावर उठणारी नक्षी बदलते. सोने तेच, ठोका तोच, पण घडण वेगळी. जनुक म्हणजे शरीराची अशी डाय समजा. तिच्यातल्या एका अक्षराच्या फरकाने कुलूप थोडे सैल किंवा थोडे कडक घडते.

दोन महत्त्वाचे अभ्यास

२००४ मध्ये या विषयावर दोन महत्त्वाचे अभ्यास प्रसिद्ध झाले. पहिला जर्मनीतल्या म्युनिकचा. एफकेबीपी-फाइव्ह नावाचे एक जनुक आहे. त्यापासून बनणारे प्रथिन वर सांगितलेले कॉर्टिसॉलचे कुलूप कडक करते. या जनुकाचा एक ठरावीक प्रकार ज्यांना आई आणि वडील दोघांकडून मिळाला होता, ते रुग्ण डिप्रेशनच्या औषधांनी इतरांपेक्षा लवकर सुधारले. पण त्याच रुग्णांच्या आयुष्यात डिप्रेशनचे झटके इतरांपेक्षा जास्त वेळा येऊन गेले होते.

इथे क्षणभर थांबून विचार करा. जो फरक आजार वारंवार आणतो असे दिसले, तोच फरक औषधाला लवकर साथ देतो असेही दिसले. मग त्या जनुकाला चांगले म्हणायचे की वाईट? दोन्ही म्हणता येत नाही. ती एक घडण आहे, आणि तिचे काही तोटे व काही फायदे आहेत.

दुसरा अभ्यास लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या रुग्णांचा. सीआरएच हे घंटेचे पहिले संप्रेरक ज्या कुलपात बसते, त्या कुलपाचे जनुक त्यात तपासले होते. डिप्रेशनसोबत ज्यांना चिंता, धडधड, अस्वस्थता जास्त होती, त्यांच्यात या जनुकाचा एक प्रकार असणाऱ्यांना औषधाने अधिक गुण आला. २००७ मध्ये चीनमधल्या रुग्णांतही याच जनुकाचा आणि औषधाच्या परिणामाचा संबंध दिसला.

थायरॉईड: आधी साधी तपासणी

संप्रेरकांचा विषय निघाला की थायरॉईड विसरून चालत नाही. गळ्यातली ही ग्रंथी मंदावली की माणूस सुस्तावतो, वजन वाढते, कामात लक्ष लागत नाही, रडू येते, बाईची पाळी बिघडते. बाहेरून पाहणाऱ्याला हे हुबेहूब डिप्रेशन वाटते. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत केलेल्या आणि २०१३ मध्ये छापलेल्या एका पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉईडची मंदगती आढळली. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण जास्त होते.

म्हणून डिप्रेशनची गोळी लागू पडत नसेल तर डॉक्टरांना आधी हा प्रश्न विचारावा, “माझी थायरॉईडची तपासणी झाली आहे का?” ही रक्ताची साधी चाचणी आहे. थायरॉईड मंद असेल आणि त्याचा इलाज झाला नाही, तर मनाच्या गोळीवर सगळा भार टाकून भागत नाही.

इथेही जनुकांचा हात आहे. थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-फोर हे संप्रेरक बनवते आणि शरीर त्याचे रूपांतर अधिक प्रभावी अशा टी-थ्रीमध्ये करते. हे रूपांतर करणारे एक विकर काहींच्यात जन्मतः थोडे मंद असते. डिप्रेशनच्या गोळीला जोड म्हणून टी-थ्री देण्याची पद्धत जुनी आहे. २००९ च्या एका छोट्या अभ्यासात असे दिसले की ज्यांचे रूपांतर जन्मतः मंद होते, त्यांना या जोडगोळीचा फायदा जास्त झाला. ज्याची उणीव, त्याची भरपाई, असा हा सरळ हिशेब आहे. अभ्यास छोटा होता, त्यामुळे कुणी स्वतःहून थायरॉईडची गोळी सुरू करू नये. पण डॉक्टर एखाद्या रुग्णाला अशी जोड का देतात, हे यावरून समजेल.

बाळंतिणीचे रडणे

“आम्ही पाच-पाच बाळंतपणे केली, आम्हाला नाही असे झाले,” हे वाक्य आपल्या घरांत किती सहज बोलले जाते! बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके काही दिवसांत झपाट्याने खाली येतात. हे सगळ्याच बाळंतिणींत होते. मग आजारी काहीच का पडतात?

२००० मध्ये अमेरिकेत यावर एक नेमका प्रयोग प्रसिद्ध झाला. सोळा स्त्रिया घेतल्या. आठ जणींना पूर्वी बाळंतपणानंतर डिप्रेशन झाले होते, आठ जणींना कधीच नाही. सगळ्यांना सारखीच संप्रेरके देऊन गरोदरपणासारखी स्थिती निर्माण केली आणि मग ती संप्रेरके बंद केली. ज्यांना पूर्वी त्रास झाला होता, त्यांच्यापैकी पाच जणींचे मन पुन्हा ढासळले. दुसऱ्या गटात एकीचेही नाही.

संप्रेरकांचा चढउतार सारखाच होता. फरक होता तो त्यांना दिल्या जाणाऱ्या शरीराच्या प्रतिसादात. सासूबाईंना झाले नाही म्हणून सुनेला होणार नाही, असा नियम नाही. बाळंतिणीचे रडणे दोन आठवड्यांच्या पुढे चालू राहिले, बाळाकडेही लक्ष लागेना, झोप येईना, तर ते नखरे नव्हेत. तिला डॉक्टरकडे न्यायला हवे. अंगावर पाजणाऱ्या आईलाही देता येतील अशी औषधे आहेत, आणि ती निवडणे डॉक्टरांचे काम आहे.

गोळी पचवणारे यकृत

संप्रेरकांच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट जनुकांवर ठरते, ती म्हणजे गोळी शरीरात किती वेळ टिकते. आपण गिळलेली गोळी यकृतातली विकरे मोडून टाकतात. त्यांतले एक विकर भारतात दहांत एकाच्या आसपास लोकांत जन्मतःच फार मंद असते. डिप्रेशनवर नेहमी दिली जाणारी सिटालोप्राम आणि एस-सिटालोप्राम ही औषधे याच विकराने मोडली जातात. अशा माणसाच्या रक्तात साध्या मात्रेनेही औषध साचते. मळमळ, थरथर, झोपेची गुंगी असे त्रास जास्त होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा रुग्णांना सिटालोप्राम दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये असे बजावले आहे. उलट काहींचे विकर इतके तेज असते की औषध काम करण्याआधीच निघून जाते.

आता खालाजानच्या डब्यातल्या गोळीचा विचार करा. तिच्या यकृताने सोसलेली मात्रा भाचीच्या यकृताला सोसेलच असे नाही. साखर वाटून खावी, पण मनाच्या गोळ्या वाटून घेऊ नयेत.

मग जनुकांची तपासणी करून घ्यावी का?

लाळेचा नमुना घेऊन “तुम्हाला कोणते औषध चालेल ते सांगतो” म्हणणाऱ्या खासगी तपासण्या आता मुंबईत मिळतात. त्यांना हजारो रुपये पडतात. त्यावर माझे म्हणणे असे की, घाईने दागिना मोडून ही तपासणी करू नका.

त्याची कारणे तीन. पहिले, डिप्रेशनच्या औषधाचा गुण एका जनुकाने ठरत नाही. २०१३ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा भरवशाने बोट ठेवता येईल असा एकही सर्वसाधारण जनुकीय फरक हाती लागला नाही. छोट्या अभ्यासांत ठळक दिसलेली गोष्ट मोठ्या अभ्यासात पुसट होते, असे शास्त्रात पुष्कळदा घडते. सीआरएचचे कुलूप अडवणारी नवी औषधेही बनवून पाहिली गेली, पण डिप्रेशनच्या चाचण्यांत ती टिकली नाहीत.

दुसरे, तपासणीचा फायदा असला तरी लहान आहे. अमेरिकेत सुमारे १,९०० माजी सैनिकांवरचा एक अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. जनुके तपासून औषध निवडलेल्या गटात न जुळणारी औषधे कमी दिली गेली आणि सुरुवातीच्या महिन्यांत थोडे अधिक लोक बरे झाले. पण सहाव्या महिन्यापर्यंत दोन्ही गट जवळपास सारखेच झाले.

तिसरे, यातले बहुतेक संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहे. आपल्या लोकांची जनुकीय माहिती आता कुठे जमू लागली आहे. जानेवारी २०२५ मध्ये भारत सरकारने ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातली सुमारे १०,००० भारतीयांची माहिती संशोधकांसाठी खुली केली. तिचा फायदा दिसायला वेळ लागेल.

अनेक औषधे करून झाली, दर वेळी नको ते परिणाम झाले, आणि मानसोपचार तज्ज्ञांनीच यकृताच्या विकरांची तपासणी सुचवली, तर गोष्ट वेगळी. एरवी थायरॉईड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह या साध्या तपासण्या आधी व्हाव्यात.

घराणे, रिश्ता आणि फाईल

जनुक हा शब्द ऐकला की आपल्या मनात लगेच दुसरी भीती उभी राहते. “म्हणजे हे घराण्यात आहे! मुलीचा रिश्ता कसा होणार?” या भीतीपोटी घरोघरी औषधाची फाईल कपाटाच्या तळाशी जाते, आणि लग्न ठरले की गोळ्याही गुपचूप बंद होतात.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून डिप्रेशनच्या शक्यतेत अनुवंशाचा वाटा साधारण ४० टक्क्यांच्या आसपास धरला जातो. उरलेला मोठा वाटा आयुष्यात काय घडले याचा असतो. एफकेबीपी-फाइव्हच्या बाबतीत हे २००८ मध्ये स्पष्ट दिसले. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात सुमारे नऊशे लोकांच्या अभ्यासात असे आढळले की, या जनुकाच्या काही प्रकारांमुळे आघातानंतरच्या मानसिक त्रासाचा धोका वाढला, तो मुख्यतः लहानपणी छळ सोसलेल्यांत. बालपण सुरक्षित गेलेल्यांत त्या प्रकारांनी तसा फरक पाडला नाही.

शिक्षिका म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मुलाची जनुके आपण बदलू शकत नाही, पण त्याचे बालपण आपल्या हातात आहे. त्याला मारले नाही, चारचौघांत त्याची लाज काढली नाही, घरात रोजची भांडणे झाली नाहीत, तर नाजूक घडणीचे मूलही उभे राहते. आणि रिश्त्याचे म्हणाल तर साखर, रक्तदाब, थायरॉईडही घराण्यात चालतातच. त्यामुळे आपण निकाह थांबवत नाही. उपचार घेऊन नीट असलेली मुलगी ही आजार लपवून खंगणाऱ्या मुलीपेक्षा नक्कीच अधिक सुखाने संसार करील.

घरच्यांनी काय करावे

गोळी सुरू झाली की तिला वेळ द्या. मळमळ, डोकेदुखी असे त्रास पहिल्या आठवड्यात दिसतात, गुण मात्र बहुधा दोन ते सहा आठवड्यांत दिसू लागतो. त्रास आधी आणि फायदा नंतर, त्यामुळेच बरेच जण मधेच सोडतात. पुरेशा मात्रेत चार ते सहा आठवडे होऊनही फरक नसेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. ही तक्रार नव्हे, उपचाराचाच भाग आहे. रक्ताच्या नात्यात कुणाला कोणत्या औषधाने गुण आला किंवा बाधा झाली, तेही सांगा. ती माहिती डॉक्टरांच्या कामाची असते. पण गोळी कोणती हे त्यांनाच ठरवू द्या. बरे वाटले म्हणून गोळी एकदम बंद करू नका, ती हळूहळू कमी करावी लागते.

रमजानमध्ये पुष्कळ जण परस्पर औषध थांबवतात. महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटा. बऱ्याच गोळ्या इफ्तारनंतर किंवा सेहरीला घेता येतात. लिथियम घेणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण अंगातले पाणी कमी झाले की ते रक्तात धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. डॉक्टरांनी रोजा नको म्हटले, तर आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दीननेच दिलेली आहे. ती घेताना शरमायचे कारण नाही. शंका असेल तर आलिमांना विचारा, पण आजाराची खरी माहिती त्यांच्यापासून लपवू नका.

नमाज, दुआ, कुरआनची तिलावत यांनी मनाला सुकून मिळतो, आणि त्यासोबत गोळीही चालते. दोन्हींत भांडण नाही. प्रत्येक आजाराला इलाज आहे, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. ती मनाच्या आजारालाही लागू आहे.

मदतीसाठी केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो, मराठीतही बोलता येते, पैसे लागत नाहीत. वाणगाव किंवा बोईसरपर्यंत जाण्याची हिंमत होत नसेल तर सुरुवात या फोनने करा. गावातल्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारले तर मानसोपचार तज्ज्ञ कुठे आणि कोणत्या दिवशी भेटतात तेही कळेल. घरातले कुणी “आता जगायचे नाही” असे बोलले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा हक्क ठरवला आहे, आणि आरोग्य विमा देणाऱ्या कंपन्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही संरक्षण द्यायचे आहे.

आता जावेच्या गोळीने बरे न वाटलेल्या त्या बहिणीला सांगायचे एवढेच. तुझ्यात खोट नाही. तुझ्या शरीराची घडण तुझी आहे आणि तुझ्या जोगे औषध शोधायला आणखी एक-दोन पायऱ्या लागतील. पहिली पायरी चढलीस, आता मधेच थांबू नकोस. घरच्यांनो, त्या पायऱ्या चढताना तिच्यासोबत राहा. शिफा देणारा अल्लाह आहे, आणि इलाज करत राहणे आपले काम आहे.